पंढरीत बघायचं काय?

(दिंडीच्या मुक्कामावर केलेलं बोलणं)



यंदा दिंडीत नवी पोरं बरीच आहेत. वाखरी जवळ आली की विचारतात, "पंढरीत बघायला काय काय आहे?" आम्ही जुनी माणसं हसतो. पण खरं सांगायचं तर आम्हीही कित्येक वर्षं नीट बघितलं नव्हतं. चंद्रभागेत स्नान, वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, मग बारी, चुरमुरे-बुक्का घेतला की एसटी गाठायची. झाली वारी!

महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. बारीच्या घाईत आम्ही तिच्याजवळून तसेच पुढं जायचो. एका साली आमच्यातली एक म्हातारी तिथंच बसली. चल म्हटलं तर म्हणाली, "माझा सासरा इथवरच यायचा. त्याचं पंढरपूर एवढंच." इतकी वर्षं आमच्या पंगतीला जेवलेली बाई, अन् आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आम्हाला मान वर करवेना.

मंगळवेढ्यात कुसवाचं काम चालू असताना भिंत कोसळली, त्यात चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून इथं समाधी बांधली, असं आपण कीर्तनात ऐकतो. समोरच नामदेवांची पायरी. म्हणजे देवाच्या दारात दोघं समोरासमोर. पण चोखोबांच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले होते. तो मठ बघा. गाडगेबाबांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळाही बघा. ज्यांना गावात कुणी ओसरी देत नव्हतं त्यांच्यासाठी ती होती. १९४९ साली बाबांनी ती डॉ. बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. स्वतः मात्र झाडूनिशी रस्त्यावरच.

कैकाडी महाराजांच्या मठात मूर्ती पुष्कळ, पोरं तिथं रमतात. विष्णुपद, गोपाळपूर लांब नाही, चालत होतं. गोपाळपूरला पौर्णिमेचा काला चुकवू नका.

द्वादशीला पारणं फेडल्यावर आम्ही आधी चोखोबांच्या समाधीपाशी भजन करणार आहोत, मग तनपुरे मठाकडं निघू. ज्यांना यायचंय त्यांनी विणेकऱ्यांना सांगून ठेवा. म्हाताऱ्यांना हाताला धरायला दोन पोरं लागतील.