गोठलेल्या तुषारांवरची चढाई

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, वेल्स ग्रे उद्यानात मर्टल नदी १४१ मीटर खाली झेपावते. हा हेल्मकेन धबधबा. डॉ. जॉन हेल्मकेन यांचं नाव त्याला मिळालं, पण त्यांनी तो कधी पाहिलाच नाही म्हणतात!

कडाक्याच्या थंडीतही तो वाहत राहतो. पायथ्याशी बर्फाचा प्रचंड शंकू वाढतो, आणि उडणारे तुषार मागच्या गुहेच्या, डोक्यावर झुकलेल्या ज्वालामुखीजन्य खडकाला चिकटून गोठतात. एरवी हिमारोहणात पडद्यासारखा खाली उतरलेला बर्फ चढतात. इथे मात्र छताला उलटं लोंबकळत पुढे सरकावं लागतं. तुषारांचा हा बर्फ भुसभुशीत. त्यात फिरवून बसवायचे स्क्रू भरवशाचे नाहीत, म्हणून आधारासाठी खडकात बोल्ट ठोकतात. विल गॅड आणि टिम एमेट यांनी २०१० मध्ये इथे 'स्प्रे ऑन' हा मार्ग चढून या खेळाची व्याख्याच ताणली.

खरा धोका मात्र वरून येतो. छताला लटकलेले बर्फाचे अजस्र सुळे ऊन तापलं, हवा जराशी उबदार झाली की सुटतात. तिथे हेल्मेटचा काय पाड! तुषारांनी कपडे आणि दोर भिजून ताठरतात, ते वेगळंच.

हौशी पदभ्रमंती करणाऱ्यांनी वरच्या कड्यावरूनच पाहावं. बर्फाखाली कड्याची खरी धार कुठे संपते ते कळत नाही, त्यामुळे कठडा ओलांडू नये.