उतारवयातील त्वचा आणि घरचा साबण

बारामती तालुक्यातील पणदरे परिसराला नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळू लागल्याला शतकाहून अधिक काळ लोटला. त्या पाण्याने ऊस आणला, तशी काही ठिकाणी चोपण जमीनही आणली. आणि अशा मुलखातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. थंडी पडली, की ह्या पाण्याची परीक्षा घरातील आजीच्या पायांवर होते. नडगीची कातडी पांढुरकी पडते, खवले धरते, रात्री खाज सुटते. सून बिचारी तेल चोळते. पण सकाळी साबणाने ते सारे धुऊन निघते.

वय वाढले म्हणजे त्वचेतील स्निग्ध द्रव्य कमी स्रवते. स्त्रियांना हा पालट ऋतुनिवृत्तीनंतर विशेष जाणवतो. त्यात साबण पडला क्षारधर्मी. तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगापासून साबण आणि ग्लिसरीन अशी दोन द्रव्ये उत्पन्न होतात. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढतात. घरच्या साबणात ते आतच राहते. शिवाय सोडा हिशेबाने थोडा कमी घातला, की काही तेल मोकळे उरते. सारे मर्म एवढेच. चंदन, केशर हा नुसता शृंगार होय.

शेंगदाण्याचे तेल २७५ ग्रॅम, खोबरेल १२५, एरंडेल ५० आणि करडईचे ५० असे अर्धा किलो तेल घ्यावे. जिराईत भागात करडई घरचीच, म्हणून ती अधिक घालण्याचा मोह होईल. पण त्याने साबण मऊ राहतो व लवकर खवट होतो. खोबरेल वाढविले, तर फेस उत्तम, पण त्वचा रुक्ष. एवढ्या तेलाला शुद्ध कॉस्टिक सोडा ६८ ग्रॅम आणि पाणी १६५ ग्रॅम पुरते. वाटीचे माप येथे चालत नाही, काटाच हवा.

सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून डोळा जाण्याचे भय असते. हातमोजे व चष्मा घालून, मोकळ्या हवेत, मुले दूर ठेवून हे काम करावे. ॲल्युमिनियमचे भांडे सर्वथा वर्ज्य, स्टीलचे चालते. द्रावण कोमट झाल्यावर कोमट तेलात ओतून, मिश्रण कढीहून दाट होईतो घोटावे व कागद घातलेल्या लाकडी साच्यात ओतावे. दुसऱ्या दिवशी, तेही हातमोजे घालूनच, वड्या कापून सहा आठवडे वाऱ्यावर सुकवाव्या. येथेच उतावळेपणा नडतो.

जड पाण्यात घरचा साबणही साका धरतोच. पाणी उकळून, निवळून घेतल्यास जडपणाचा काही भाग जातो. नडग्यांना रोज साबण लावण्याचे कारण नाही. काखा, जांघा, पावले एवढ्यांना तो पुरे. अंग ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवावा. भेगांतून रक्त येत असेल, किंवा आजीला मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.