धर्म एक म्हणता, मग सीमाप्रश्न का सुटत नाही?

(हुतात्मा दिनाच्या सभेतील भाषण)



आज १७ जानेवारी. १९५६ साली आदल्या संध्याकाळी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी बेळगाव-निपाणीच्या रस्त्यांवर मराठी माणसाचे रक्त सांडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातला हा मराठी मुलूख म्हैसूर राज्याला जोडला गेला. तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो आणि दर १७ जानेवारीला हुतात्म्यांपुढे डोके टेकवतो. हे करता करता तीन पिढ्या गेल्या.

पण आज आम्ही नुसती फुले वाहायला उभे नाही. आज एक अवघड गोष्ट बोलायची आहे. ती आपल्याच घरातली आहे, म्हणून जास्त अवघड. आपल्या घरातला म्हातारा काळ्या दिनाला दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जातो, आणि त्याचाच नातू म्हणतो, "आजोबा, भाषेचं काय घेऊन बसलाय? आता प्रश्न धर्माचा आहे. भाषेचं मागाहून बघू." बोला, हे तुमच्या घरात घडले नाही असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

या पोराला शिव्या देऊन भागणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते पुराव्याने दिले पाहिजे.

आमच्या मागणीत काय आहे?

आधी आपले म्हणणे काय, हे पुन्हा एकदा नीट समजून घेऊ. सीमा ठरवण्यासाठी आम्ही चार तत्त्वे मागितली. पाटसकर सूत्र म्हणतात ते हेच. खेडे हा घटक धरा, भूभाग सलग असू द्या, भाषिक बहुसंख्या मोजा, आणि लोकांची इच्छा विचारा. बस्स, एवढेच! याच आधाराने मुंबई सरकारने १९५७ साली केंद्राकडे रीतसर निवेदन दिले. आज महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे.

आता सांगा, या चार तत्त्वांत धर्म कुठे आहे? येळ्ळूरच्या देवळापुढे राहणारा मराठी असला तर तो मोजायचा, आणि खानापुरात मशिदीच्या बोळात राहून मराठीत व्यवहार करणारा मोजायचाच नाही, असे आम्ही कधी म्हटले काय? नाही म्हटले. आमची मागणी भाषेची आहे, शाळेची आहे, जमिनीच्या उताऱ्याची आहे. तलाठ्याने हातात दिलेला कागद आपल्या आईला वाचता आला पाहिजे, ही आमची मागणी आहे. देव कुठला पुजायचा हा तंटाच इथे नाही.

आणि म्हणूनच ज्यांना हा प्रश्न नको आहे, त्यांना धर्म फार सोयीचा वाटतो. तुम्ही विचारता, "माझ्या गावाच्या शाळेत मराठी शिक्षक का नाही?" तो उत्तर देत नाही. तो म्हणतो, "आपण सगळे हिंदू ना? मग आपसांत भांडण कसले?" प्रश्न शिक्षकाचा, उत्तर एकीचे! बेळगाव ग्रामीण मतदारसंघात २०१८ सालच्या प्रचारात एका आमदाराने तर उघड सांगितले की ही निवडणूक रस्त्याची, गटाराची, पाण्याची नाही. ती हिंदू विरुद्ध मुसलमान अशी आहे. वा रे वा! रस्ता, गटार, पाणीही जिथे उरत नाही, तिथे मराठी शाळा कुठून उरणार?

हा विचार आजचा नाही

इतिहास उलटून पाहू. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होता, आणि जनसंघ व हिंदुमहासभाही होत्या. हे आम्ही लपवत नाही. एस. एम., अत्रे, डांगे, प्रबोधनकार एका व्यासपीठावर बसले, कारण व्यासपीठ भाषेचे होते. तिथे धर्म, जात, पक्ष दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावा लागे.

पण त्याच सुमारास संघाचे सरसंघचालक गोळवलकर गुरुजी भाषावार राज्यांच्या कल्पनेलाच विरोध करीत होते. १९६६ साली निघालेल्या 'बंच ऑफ थॉट्स' या त्यांच्या पुस्तकात संघराज्याची भाषा सोडा, देशाला एकच सरकार, एकच विधिमंडळ असू द्या, असा विचार स्वच्छ मांडलेला आहे. ज्या विचाराला राज्यच नको, तो विचार राज्याची सीमा का म्हणून सरकवील? यात कपट नाही. हा त्यांचा सिद्धान्तच आहे. कपट आहे ते महाराष्ट्रात 'बेळगाव आमचे' म्हणायचे आणि बेळगावात जाऊन 'भाषा विसरा' म्हणायचे, यात.

तिन्ही दारे एकाची होती तेव्हा

आता सर्वांत मोठा पुरावा. आम्हाला नेहमी सांगितले जाई, "दिल्लीत आपले, मुंबईत आपले, बंगळूरला आपले सरकार येऊ द्या, बघा प्रश्न कसा चुटकीसरशी सुटतो." ठीक. तो दिवसही उगवला! जून २०२२ च्या अखेरीपासून मे २०२३ पर्यंत दिल्लीत भाजप, कर्नाटकात भाजप, आणि महाराष्ट्रात भाजपच्या बळावर उभे असलेले शिंदे सरकार. तिन्ही दारांच्या किल्ल्या एकाच कमरेला. मग काय झाले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी उलट सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांवरच हक्क सांगितला. डिसेंबरात महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला यायचे ठरले. कर्नाटकाने येऊ नका म्हटले, आणि ते आले नाहीत. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले. १४ तारखेला दिल्लीत गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवले, आणि ठरले काय? तर न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावा करायचा नाही, आणि दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून बोलतील. १९ तारखेला समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली. २२ ला कर्नाटक विधानसभेने एक इंचही जमीन न देण्याचा ठराव केला, आणि २७ ला महाराष्ट्र विधिमंडळाने इंच न् इंच घेण्याचा ठराव केला. दोन्ही ठराव एकमताने. दोन्हीकडे भाजपचे हात वर!

धर्म एक, पक्ष एक, नेता एक. आणि ठराव दोन. मंडळी, यावरून काय शिकायचे? धर्माच्या एकीने सीमाप्रश्न सुटायचा असता तर त्या महिन्यात सुटला असता. तो सुटला नाही, कारण मते मोजायची वेळ आली की प्रत्येक राज्यातला पक्ष आपापल्या राज्यातली बहुसंख्या मोजतो. सीमाभागातला मराठी माणूस कर्नाटकात अल्पसंख्य आहे. त्याला हिंदू म्हणून मोजले की तो बहुसंख्येत मिसळून जातो. मराठी म्हणून मोजले की त्याची दाद घ्यावी लागते. म्हणून त्याला हिंदू म्हणून मोजणे स्वस्त पडते.

मराठा चालतो, मराठी चालत नाही

आणखी एक गंमत ऐका. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास महामंडळ काढायचे जाहीर केले. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती. जातीचा मराठा त्यांना हवा आहे, त्याला महामंडळ देऊ. पण मराठी बोलणारा नको, त्याला मराठीत नोटीस देणार नाही! राजहंसगडावर मार्च २०२३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण तीन दिवसांच्या अंतराने दोनदा झाले, एकदा भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि एकदा काँग्रेसवाल्यांकडून. महाराजांबद्दल एवढे प्रेम! आणि त्याच गडाखालच्या येळ्ळूरमध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ साली पाडला, आणि गावकऱ्यांच्या पाठी पोलिसांच्या लाठ्यांनी सुजल्या. म्हणजे महाराज हवेत, महाराजांची भाषा नको.

तो फलक पाडला तेव्हा तिथे काँग्रेसचे सरकार होते, हेही आम्ही सांगतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात केंद्राने कर्नाटकाची बाजू उचलून धरली तेव्हा दिल्लीत काँग्रेसचीच आघाडी होती. २०२४ साली पाट्यांवर साठ टक्के कानडीची सक्ती करणारा कायदा आणणारेही तेच. कुणी धुतल्या तांदळासारखे नाही. फरक एवढाच की काँग्रेसने आमचा दावा नाकारला. हिंदुत्वाच्या राजकारणाने आमच्या पोरांच्या मनातून तो दावाच पुसायला घेतला. पहिल्याशी लढता येते. दुसऱ्याशी लढायला घरातूनच सुरुवात करावी लागते.

चूक आपलीही आहे

आता कडू बोलतो. २०१३ साली विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. सप्टेंबर २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. ज्या पालिकेने १९४८ साली महाराष्ट्रात सामील करा असा ठराव केला, जिच्या महापौराच्या तोंडाला २००५ साली बंगळुरात काळे फासले, ती पालिका गेली. कुणी नेली? आम्ही दिली! एका जागेला समितीचे दोन-दोन उमेदवार, एका गावात दोन गट, दोन गटांची दोन कार्यालये. एकीचे बोल बोलायचे आणि अर्ज मात्र वेगळे भरायचे.

आणि दुसरी चूक त्याहून खोल आहे. आम्ही भगवा हातात घेतला तो भाषेचा झेंडा म्हणून. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक काढली ती मराठीपणाची खूण म्हणून. पण हळूहळू त्या मिरवणुकीत मराठी भाषेबद्दल कोणी चार वाक्ये बोलेनासे झाले. भगवा उरला, अर्थ निघून गेला. मग त्याच रंगाचा झेंडा घेऊन दुसरा आला आणि म्हणाला, "तुमचा-आमचा रंग एकच." आपल्या पोराला फरक कळला नाही. तो त्याला आम्ही कधी सांगितला होता?

तरीही आम्ही निराश नाही. पालिका जाण्याआधी काहीच महिने, २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या एका तरुण उमेदवाराला लाखाहून अधिक मते पडली आणि भाजपला जेमतेम पाच हजारांच्या फरकाने जागा राखता आली. एकच उमेदवार होता, म्हणून पडली. माणसे आहेत हो! माणसांना गाठले पाहिजे.

मग करायचे काय?

एक: सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा २००४ सालापासून आहे. तो चालवा, वकील उभे करा, तारखा मागा. महाराष्ट्राच्या सरकारला हे विचारणे आमचे काम आहे, मग ते सरकार कुणाचेही असो.

दोन: निकाल लागेपर्यंत जिथे मराठी भाषिक पंधरा टक्के वा अधिक आहेत तिथे सरकारी सूचना, नियम, कागद मराठीतही मिळाले पाहिजेत. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेली ही सोय आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. प्रत्येक गावाने अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी.

तीन: मत मागायला येणाऱ्या कुणालाही धर्माबद्दल विचारू नका. धर्म आपण आपल्या घरी सांभाळतो, त्याला आमदाराची गरज नाही. त्याला एकच विचारा: "आमच्या शाळेत मराठी मास्तर कधी येणार, आणि आमचा उतारा मराठीत कधी मिळणार?" तो देवाचे नाव घेऊ लागला तर हात जोडून म्हणा, "देव मोठा आहेच, दादा. पण उतारा कधी?"

आणि चार: आपले भांडण कानडी माणसाशी नाही. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी फाशी दिले ते आमच्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. पुतळ्यांवरून कुणी आपली टकरी लावत असेल तर ती लावणारा पुतळ्यातला वीर नव्हे, पुतळ्यामागे लपलेला उमेदवार आहे, हे ओळखा. कानडी शेजाऱ्याला त्याची भाषा, आम्हाला आमची. यात कुणाचे काय जाते?

बंधूंनो, १९५६ सालचे हुतात्मे भाषेसाठी मेले. त्यांच्या नावापुढे फूल वाहताना आपण त्यांचा प्रश्न विसरलो, तर ते फूल त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. आज घरी जा, आणि त्या नातवाला समोर बसवा. रागावू नका. त्याला ही चार तत्त्वे सांगा, आणि डिसेंबर २०२२ चा महिना सांगा. पोरे हुशार आहेत. बाकीचे त्यांचे त्यांना कळेल.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र!