उत्तरेची पुस्तके आणि दोन बाजूंचे साक्षीदार



जुनी पुस्तके जमविणे हा वरकरणी निरुपद्रवी छंद. परंतु ज्या प्रदेशाविषयीची पुस्तके जमवावयाची, त्याचा इतिहास प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांनी लिहिला असेल, तर संग्राहकावर एक जबाबदारी येते. कोणाची साक्ष कपाटात आहे आणि कोणाची नाही, हे त्याला पाहावे लागते. कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशाविषयी हे विशेष खरे आहे.

१६७० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचे सारे खोरे तिच्या व्यापाराच्या स्वाधीन केले. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला अशा सनदेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. पुढे दोनशे वर्षे उत्तरेविषयीची लेखणी मुख्यत्वे कंपनीचे नोकर, दर्यावर्दी आणि मिशनरी यांच्या हाती राहिली.

त्यांची पुस्तके म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. ती सावधपणे वाचावयाची असतात. सॅम्युएल हर्न या कंपनीच्या नोकराचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ साली, प्रसिद्ध झाले. दोन प्रयत्न फसल्यावर तो डेने लोकांचा नेता मातोनाबी याच्यासोबत निघाला आणि १७७१ साली कॉपरमाइन नदीच्या काठाने आर्क्टिक महासागरापर्यंत पोहोचला. आधीच्या अपयशाचे एक कारण मातोनाबीने सांगितले व हर्नने ते नोंदविले: सोबत स्त्रिया नव्हत्या. ओझी वाहणे, तंबू उभारणे, कपडे शिवणे ही कामे त्याच करीत. शीर्षकपानावर नाव एकाचे आहे. प्रवास मात्र अनेकांच्या श्रमांवर झाला.

सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेची कथा याहून बोलकी आहे. १८४५ साली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांतून गेलेल्यांपैकी १२९ जण परतले नाहीत. १८५४ साली जॉन रे याने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिकत लंडनला कळविली: खलाशी उपासमारीने मेले आणि अखेरीस त्यांनी मृतांचे मांस खाल्ले. चार्ल्स डिकन्ससारख्या थोर लेखकाने आपल्या साप्ताहिकातून ही साक्ष अविश्वसनीय ठरविली. पुढे सापडलेल्या हाडांवर सुऱ्यांच्या खुणा आढळल्या. २०१४ साली ‘एरेबस’ आणि २०१६ साली ‘टेरर’ समुद्रतळाशी सापडले; दोन्ही शोधांत इनुइटांनी दिलेल्या माहितीचा मोठा वाटा होता. म्हणून फ्रँकलिनविषयीचे कोणतेही जुने पुस्तक हाती आले, की प्रथम प्रकाशनवर्ष पाहावे आणि मग इनुइटांच्या साक्षीला त्यात किती जागा दिली आहे ते पाहावे. १९९१ साली डेव्हिड वुडमन यांनी याच साक्षींचा ग्रंथभर विचार केला. तो संग्रहात असावयास हवा.

जुने पुस्तक घेताना बांधणी, वाळवी व ओल पाहिली जातेच. उत्तरेच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट तपासावी: घडी घातलेले नकाशे जागेवर आहेत काय? नकाशा फाटून गेला, तर प्रवासवर्णनाचा निम्मा अर्थ हरवतो. समासातील हस्तलिखित टिपा किंवा बंद पडलेल्या ग्रंथालयाचा शिक्का मात्र दोष मानू नये. पुस्तक कोणाकोणाच्या हातांतून आले, ते त्यावरून समजते.

उत्तरेच्या लोकांची स्वतःची पुस्तके संख्येने थोडी आहेत. मार्कूसी यांची शिकाऱ्याच्या जीवनावरील कादंबरी १९७० साली इंग्रजीत आली, तर मिनी आओडला फ्रीमन यांचे आत्मकथन १९७८ साली. मित्यारजुक नाप्पालुक या शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीने ‘सानाक’ ही कादंबरी इनुक्टिटुट भाषेत, तिच्या अक्षरलिपीत लिहिली. ती १९८४ साली छापली गेली. इंग्रजी अनुवादाला २०१४ साल उजाडले.

हा विलंब योगायोगाचा नव्हता. कॅनडातील निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवण्यात आले. मातृभाषा बोलल्याबद्दल अनेकांना शिक्षा होत असे. सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. मुलाच्या तोंडची भाषा गेली, की त्याने पुढे लिहावयाची पुस्तकेही जातात.

मातृभाषेतून शिकविणारी शाळा साठ वर्षे टिकते, याचे मोल अशा वेळी नेमके कळते. तिच्या ग्रंथालयात हर्नचा प्रवास जरूर असावा. पण त्याच्या शेजारी ‘सानाक’ असावी. दोन्ही साक्षीदार एकाच फळीवर आले, म्हणजे निवाडा करणे वाचकाच्या हाती राहते.