रोजच्या वाटेचे देणे

शहरातील कोणाही नोकरदारास त्याचा वेळ कोठे जातो असे विचारले, तर 'वाटेवर' असेच उत्तर मिळेल, आणि तेही तक्रारीच्या सुरात. ती तक्रार खोटी नाही. परंतु ही वाट केवळ घेतेच, की मोबदल्यात काही देतेही, याचा विचार ती एकाएकी बंद होईपर्यंत फारसा कोणी केला नव्हता.

हैदराबादेतील दिलसुखनगर ही शिकवणीचे वर्ग, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, दुकाने आणि साईबाबांचे मंदिर यांनी गजबजलेली वस्ती. २४ सप्टेंबर २०१८ रोजी अमीरपेठ ते एल. बी. नगर हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला, आणि खाली बस व वर मेट्रो अशी दुहेरी सोय येथे झाली. २२ मार्च २०२० रोजी, करोनाच्या साथीमुळे, दोन्ही थांबल्या.

ज्यांचे काम संगणकावरून घरी येऊ शकत होते, त्यांना पहिले काही दिवस सुखाचे वाटले. धक्काबुक्की नाही, घड्याळाकडे पाहत धावणे नाही. परंतु पुढे दिवसाला काठच उरला नाही. जेवणाच्या मेजावरच कचेरी, आणि कचेरीतच मुलांची शाळा. पूर्वी वरिष्ठांचा कठोर शब्द मलकपेठेपर्यंत मनात घोळत असे आणि दिलसुखनगरचा जिना उतरेपर्यंत विरून जाई. आता तो शब्द विरण्यास वाटच उरली नव्हती. तो घरच्या माणसांवर निघू लागला. घर आणि काम यांच्यामधला तो तास वाया जात नव्हता. त्या तासात मन कपडे बदलत होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

शरीराचेही तसेच झाले. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरापासून स्थानकापर्यंत जाताना पंधरा मिनिटे व येताना पंधरा मिनिटे झपाझप चालणाऱ्याचे पाच दिवसांत बरोबर तेवढेच चालणे होते. व्यायामाचे नावही न घेता घडणारा हा व्यायाम गाडीबरोबरच थांबला.

पण ज्यांचे काम घरी येऊच शकत नव्हते, त्यांचे काय? धुणीभांडी करणाऱ्या बाया, पहारेकरी, सफाई कामगार, रुग्णालयांतील सेविका यांच्यापुढे मनःस्वास्थ्याच्या आधी भाकरीचा प्रश्न उभा राहिला. कोणी मैलोगणती चालले, कोणी मजुरीचा मोठा हिस्सा रिक्षाला दिला, आणि कित्येकांचे काम वाट तुटल्यामुळेच सुटले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा भीतीही सोबत आली. शेजारी बसलेला मनुष्य खोकला, की तो सहप्रवासी न राहता शत्रू भासे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मेट्रो ७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली. तिच्याहून स्वस्त असलेली शहरबस २५ सप्टेंबरला निघाली, तीही आरंभी चौथाईच. आणि सर्वांत स्वस्त अशी एम.एम.टी.एस. लोकलगाडी २३ जून २०२१ रोजी, म्हणजे पंधरा महिन्यांनी रुळांवर आली. कारणे काहीही असोत, ज्याचा खिसा सर्वांत हलका, त्याची वाट सर्वांत उशिरा उघडली.

या अनुभवातून दोन बोध घ्यावेत. जे आजही घरूनच काम करतात, त्यांनी कामाच्या आधी व नंतर थोडे बाहेर चालून यावे; गाडी नसली तरी दिवसाला काठ हवाच. दुसरा बोध नगराच्या कारभाऱ्यांसाठी आहे. बस ही पाणी आणि दवाखाना यांच्याच पंक्तीत बसणारी, आरोग्याची गरज आहे. पुढील संकटात ती बंद करणे भाग पडलेच, तर आधी कोणासाठी उघडावयाची हे आजच ठरवून ठेवावे.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात स्त्रियांना ठरावीक बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. दिलसुखनगरच्या थांब्यावर बस येताच गर्दी पुढे सरकते. त्या रेटारेटीला कोणी नावे ठेवील. परंतु तो थांबा ओस पडला होता ते दिवस ज्याने पाहिले, तो जरा सरकून शेजारणीला जागा करून देईल.