शनिवारची गोळी आणि माझं अप्रेझल

हा एपिसोड आपण सकाळी साडेअकराला रेकॉर्ड करतोय, आणि ही वेळ मी मागून घेतलीये. नऊला बोलावलं असतंत तरी मी आले असते, पण माझे हात माझ्यासोबत आले नसते.

मला रुमेटॉइड आर्थरायटिस आहे. मराठीत आमवात म्हणतात. आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणायची सवय आहे, त्यामुळे पहिला प्रश्न येतो, "अगं, या वयात?" माझ्या आजीचे गुडघे वयानं झिजलेत. माझं तसं नाही. माझी रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. टीममध्ये मी असं समजावते: अँटिव्हायरसच आपल्या चांगल्या फाइल्स उडवतोय.

२४व्या वर्षी सुरू झालं. सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडेना, दुधाची पिशवी दातानं फोडायला लागले. बोटं मोकळी व्हायला दीड तास लागायचा. मला वाटलं, टायपिंगमुळे असेल. चार महिने अंगावर काढलं, ती चूक होती. सकाळचा असा ताठरपणा आणि बोटांची सूज आठवड्यांमागून आठवडे राहिली, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. सांध्याचं एकदा नुकसान झालं की ते भरून येत नाही, म्हणून औषध लवकर सुरू झालेलं बरं.

माझं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे ठासून सांगते, कारण चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मी शनिवारी रात्री घेते. रविवार मळमळीत आणि जड डोक्यात जातो.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमचं एक मोठं रिलीज होतं. वीकेंडला ऑन-कॉल, आणि माझं अप्रेझल त्यावर अवलंबून. ऑफिसमध्ये कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. मला रविवार हवे होते, म्हणून मी गोळी बंद केली. डॉक्टरांना न विचारता, सलग सहा शनिवार. सुरुवातीचे तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि मला वाटलं मी हुशार आहे. पुढचं सांगायला नको.

रिलीज मस्त झालं. टाउनहॉलमध्ये मला ट्रॉफी मिळाली. त्या सकाळी माझ्या कुर्त्याची बटणं रूममेटनं लावून दिली होती. ट्रॉफी काचेची, चांगली जड. बोटांत धरता येईना म्हणून मी ती दोन्ही हातांच्या कवेत घेतली. फोटोत वाटतं, पोरीला ट्रॉफीचं काय कौतुक! तो फोटो आईनं अजून डीपीला ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. तिथे डीएएस-२८ नावाचा एक स्कोअर काढतात. २८ सांधे दाबून बघायचे, किती दुखतात, किती सुजलेत. त्यात रक्ताचा एक रिपोर्ट मिळवायचा. आणि चौथी गोष्ट म्हणजे पेशंटनं स्वतः सांगायचं, आजार किती जाणवतोय, ० ते १००. स्कोअर २.६च्या खाली आला की आजार शांत आहे असं धरतात.

मी ३० सांगितलं. मॅडमनी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "परत सांग."

दिवसभर मी लोकांच्या डेटाची खातरजमा करते, आणि माझ्याच शरीराच्या फॉर्ममध्ये खोटा आकडा भरत होते. सवयच झाली होती. घरी "बरी आहे", स्टँडअपला "नो ब्लॉकर्स". माझ्यासाठी यश म्हणजे कोणाला कळू न देणं, इतकंच उरलं होतं.

अजून एक गंमत. त्या २८मध्ये घोटे आणि पावलं येतच नाहीत. आणि मला तर चवड्यात जास्त दुखतं! मॅडम म्हणाल्या, "स्कोअरमध्ये नसलं तरी मला सांगायचं." तेव्हा वाटलं, कंपनीचं रेटिंग असो की डॉक्टरांचा स्कोअर, माझं काहीतरी बाहेर राहणारच. ते मोजायला मी घरचं माप शोधलं.

मी पेटी वाजवते. फार भारी नाही, गणपतीत आरतीपुरती. तर माझं माप असं: काम संपल्यावर पंधरा मिनिटं पेटी वाजवण्याइतकी बोटं शिल्लक आहेत का? असतील तर दिवस यशस्वी. सगळी बोटं कीबोर्डवर खर्च झाली, तर दिवस महाग पडला, मग काम कितीही चांगलं होवो.

मग मॅनेजरला सांगितलं. वीकेंडच्या ऑन-कॉलमधून बाहेर आले. बरंच काम व्हॉइस टायपिंगवर नेलं, ज्यात "सेमीकोलन" म्हटलं की तो इमानदारीत "सेमीकोलन" हा शब्द लिहितो. असो.

त्या वर्षी प्रमोशन माझ्यानंतर जॉइन झालेल्या मुलाला मिळालं. त्याचे पेढे खाल्ले आणि घरी येऊन रडले. मी माप बदललं म्हणून त्याचं पॅकेज मला दिसायचं थांबत नाही. आजही कधी कधी दुखतं, आणि त्यावर गोळी नाही.

याच काळात मामांनी फॅमिली ग्रुपवर रेन्वाची गोष्ट टाकली. हाच आजार असलेला फ्रेंच चित्रकार, "हाताला ब्रश बांधून चित्रं काढली, तू का रडतेस?" मी शोधून वाचलं. बोटं पार वाकली होती हे खरं, पण ब्रश हातात द्यायला माणसं होती. १९१९ साली वारला, तोपर्यंत चित्रं काढत होता. मामांना एवढंच लिहिलं, की त्याला ब्रश हातात द्यायचे, मला बटणं लावून देतात. मामांनी अंगठा पाठवला.

यंदा गणपतीत दोन आरत्या मी वाजवल्या, बाकीच्या मावसबहिणीनं. गेल्या व्हिजिटला मॅडमनी विचारलं तेव्हा ४५ सांगितलं, चवड्याचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

आज शनिवार आहे. रात्री नऊला माझा अलार्म वाजेल. उद्या मला फोन करू नका.