बाकीचे दिवस सलीम कुठे असतो?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



अशा समारंभात पाहुण्याने चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असा रिवाज आहे. मी आज तुम्हाला मलाच मिळालेला एक धडा सांगणार आहे. तो देणारी मुलगी सातवीत शिकत होती.

गेल्या वर्षी एका शाळेने मला मुलांच्या पुस्तकांच्या पारितोषिक समारंभाला बोलावले होते. या समारंभाचे वैशिष्ट्य असे की परीक्षक मुलेच होती. पाच पुस्तके पाचवी ते सातवीच्या वर्गांतून फिरवली गेली. दोन महिने मुलांनी ती पाळीपाळीने वाचली आणि मग खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. मोजणी आम्हा लेखकांच्या देखत फळ्यावर झाली. त्या पाचांत माझेही एक पुस्तक होते.

मुलांच्या पुस्तकांना पुरस्कार देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत न्यूबेरी पदक १९२२ पासून दिले जाते. आपली साहित्य अकादमी २०१० पासून मराठी आणि उर्दूसह २४ भाषांत बालसाहित्य पुरस्कार देते. मात्र त्यांचा निर्णय मोठी माणसे करतात. ब्रिटनमध्ये १९८० साली एक पुरस्कार सुरू झाला, त्यात मुलांची मते घेऊन पुस्तक निवडले जाऊ लागले. मुलांनी रोआल्ड डाल यांच्या 'मटिल्डा' या पुस्तकाला कौल दिला. ज्या घरात पुस्तकाला काडीची किंमत नाही, त्या घरातील एक लहान मुलगी स्वतःच वाचनालयाची वाट धरते, अशी ती कथा आहे. पालकांनी याचा जरूर विचार करावा.

माझे पुस्तक तिसरे आले. खोटे कशाला बोलू, मनातून थोडा खट्टू झालो. नंतर मुलांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली गेली. मागच्या रांगेतील एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकातला सलीम फक्त ईदच्या दिवशीच येतो. मित्रांना शीरखुर्मा देतो आणि जातो. बाकीचे दिवस तो कुठे असतो?"

सभागृहात हशा पिकला. ती मात्र हसत नव्हती. ती पुढे म्हणाली, "माझा भाऊ रोज एस. टी.ने शाळेत जातो. गणितात त्याला कमी मार्क पडतात. पावसात आमचे छप्पर गळते तेव्हा तोच वर चढतो. तो कुठल्याच पुस्तकात नाही."

मी निरुत्तर झालो. मित्रांनो, मी स्वतः मुसलमान घरात वाढलो. माझे घरही पावसात गळत असे. मराठी शाळेत मी जी पुस्तके वाचली त्यांत आपल्यासारखा मुलगा सणापुरता येई, आणि पुस्तकात असेच लिहायचे असते अशी माझी समजूत झाली. माझ्या हातात लेखणी आली तेव्हा मीही माझ्या सलीमला एका दिवसापुरतेच बोलावले. तो दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारणे मला शक्य नाही.

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तीही ईदच्याच दिवशीची आहे. पण तिच्यातील हमीद आपल्या मनात राहतो तो चिमट्यामुळे. भाकरी भाजताना दादीची बोटे पोळतात, हे तो रोज पाहतो, म्हणून जत्रेत खेळणे न घेता चिमटा घेतो. ती एका दिवसाची कथा त्याच्या सर्व दिवसांची झाली आहे. डॉ. झाकिर हुसेन १९२६ ते १९४८ पर्यंत जामिया मिलियाचे कुलगुरू होते आणि १९६७ साली राष्ट्रपती झाले. एवढ्या मोठ्या माणसाने मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. मुलांसाठी लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पालकांनो, आपल्या धर्मात हिरा गुहेत आलेला पहिला आदेश वाचनाचा होता, हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो. पण घरी मूल गोष्टीचे पुस्तक घेऊन बसले की आपणच म्हणतो, "ते ठेव, अभ्यासाचे वाच." शाळेतील पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे आपण विचारत नाही. माझी विनंती एवढीच, की येत्या ईदीतून मुलाला एक पुस्तक घेऊन द्या. भाषा मराठी असो, उर्दू असो, त्याला आवडेल ती असो. निवड त्यालाच करू द्या. आणि त्या कपाटाच्या किल्लीची चौकशीही करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे वेगळे आहे. घरात आपण एक बोली बोलतो, शाळेत दुसरी, यात लाजण्यासारखे काही नाही. तुमचे गळके छप्पर, परदेशी नोकरीला गेलेल्या अब्बांची वाट पाहणे, परीक्षेच्या आदल्या रात्री गेलेली वीज, हे सारे मराठीत लिहिण्याजोगे आहे. ते तुम्ही लिहिले नाही तर दुसरा कोणीतरी तुम्हाला एका दिवसापुरते बोलावील, जसे मी केले. हा वार्षिकांक तुमचाच आहे. पुढच्या वर्षी त्यात वर्गावर्गांतून आलेले लेखन वाचायला मला आवडेल.

मी परत आल्यावर नवे पुस्तक लिहायला घेतले आहे. त्यातला सलीम सोमवारी सकाळी एस. टी. चुकल्यामुळे धावत सुटतो. ते पूर्ण झाले की पहिली प्रत त्या मुलीच्या शाळेत पाठवीन. या वेळी ती मत देईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र तिचा प्रश्न संपलेला असावा, अशी माझी दुआ आहे.